अर्जदास्त, पावती आणि महासुभा : मराठी कल्पितातील दैवी कारभार

एकनाथांच्या भारुडांवर लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, विंचू या सोंगांकडे आणि रूपकांकडे जाते. ती गायली जातात, नाचली जातात, आणि कीर्तनापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत त्यांचा प्रवास अखंड चालू राहिला आहे. याच भारुडांत कागदांचाही एक छोटा गट आहे. अर्जदास्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जाबचिठ्ठी ही नावेच सांगतात की येथे रचनेचा साचा ओवीचा नाही आणि अभंगाचाही नाही; तो कचेरीच्या दफ्तरातून उचललेला आहे. या गटाची दखल वाङ्मयेतिहासाने प्रायः दोन कारणांसाठी घेतली. सोळाव्या शतकातील मराठीवर फार्सीचा पगडा किती होता याचा पुरावा म्हणून, किंवा देह आणि जीव यांच्यावरील एक चतुर रूपक म्हणून. पहिली वाट शब्दांपाशी थांबते, दुसरी तात्पर्यापाशी. हा कागद कोण लिहितो, कोणाला लिहितो आणि दोष कोणाच्या माथी मारतो, हे प्रश्न दोन्ही वाटांवर लागत नाहीत. ते विचारले म्हणजे एका कल्पित राज्ययंत्रणेचा आराखडा दिसू लागतो. हा आराखडा मराठी मनाने पुढे चारशे वर्षे वापरला, आणि त्याची किंमतही मोजली.

अर्जदास्तीतील कथाभाग थोडक्यात असा आहे. शरीर हा परगणा. काया हा त्यातील किल्ला. जीव हा हुजुरातून नेमून आलेला शेकदार आणि बुद्धी ही त्याचा कारकून. सरकारी कामाची आज्ञा घेऊन शेकदार परगण्यात दाखल होतो, पण तेथील जमेदार त्याला काम करू देत नाहीत. मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, कामाजी महाजन, दंभाजी शेट्या, क्रोधाजी नाईकवाडी ही त्यांची नावे. कोणी कचेरीतच ठाण मांडून बसतो, कोणी आपली कामे परभारे उरकून घेतो, कोणी परगणा लुटून फस्त करतो. तशात हुजुरातून जरासंध येऊन पोहोचतो. ‘जरा’ या शब्दावरचा हा श्लेष उघड आहे. मग डोळे, कान, दात, पाय ही या परगण्यातील वस्ती एकेक करून ओस पडू लागते आणि यमाजीपंताची तलब येण्याची धास्ती शेकदाराला लागते. म्हणून हा अर्ज. शेवटी ‘एका जनार्दन’ ही नाममुद्रा.

यातील अधिकाऱ्यांची विभागणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. दख्खनच्या सुलतानी अमदानीत शेकदार किंवा हवालदार हा वरून नेमलेला, बदलून जाणारा माणूस होता. देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन हे मात्र वतनदार. त्यांचे हक्क पिढीजात. बहमनी जाऊन निजामशाही आली तरी देशमुखाचा वाडा जागच्या जागी राहत असे. वसुलाचे आकडे त्याच्या हाती, गावचा माणूस त्याच्या ओळखीचा, आणि वरच्या अंमलदाराला त्याच्यावाचून पाऊल टाकता येत नसे. एकनाथांनी विकारांना वतनदार केले आणि जीवाला परका, तात्पुरता, नेमणुकीवरचा नोकर. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत जे सांगायला पुष्कळ शब्द लागले असते ते या एका विभागणीने सांगून झाले आहे. काम, क्रोध, दंभ हे देहाचे मूळ रहिवासी आहेत. जीव पाहुणा आहे. भ्रष्टाचार या राज्यात बाहेरून शिरत नाही. तो वतनी आहे.

पण अर्जाचा सूर ऐकला म्हणजे आणखी एक गोष्ट कानावर येते, आणि रूपकाच्या ओढीत ती सहसा निसटते. हा अर्ज लिहिणारा शेकदार निर्दोष नाही. परगणा त्याच्या स्वाधीन केलेला होता. जरासंध दारात येईपर्यंत त्याने एकही कागद हुजुरात पाठविलेला दिसत नाही. वसूल थकला, ठाणी गेली, आता जाब द्यावा लागणार, तेव्हा हाताखालच्यांची नावे घेऊन तो आपली मान सोडवू पाहतो. कोणत्याही काळच्या कचेरीत हे लेखन ओळखीचे आहे. एकनाथांची मर्मदृष्टी ही की पश्चात्तापासाठी त्यांनी शोकाची किंवा विनवणीची भाषा निवडली नाही. अंमलदाराच्या खुलाशाची निवडली. श्रोता हसतो तो दंभाजी शेट्याला नव्हे, तर या खुलाशाला. कारण खुलासा देणारा तो स्वतः असतो.

हा साचा एकनाथांच्या हाती कोठून आला हे सांगायला फार शोध करावा लागत नाही. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे दौलताबादच्या किल्ल्यावरील अधिकारी होते अशी परंपरा आहे. शिष्याकडे हिशेबाचे काम होते. एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथ रात्रभर वह्या उलथीत बसले आणि ती सापडताच हर्षाने टाळी वाजवून उठले, ही आख्यायिका मराठी घरांत मुलांनाही ठाऊक असते. तिचा रूढ उपदेश असा की एवढी एकाग्रता ईश्वराकडे लावली तर काय होईल. आख्यायिकेचा रोख मात्र उलट बाजूनेही वाचता येतो. परमार्थाकडे जाण्याची पात्रता येथे ध्यानाने ठरत नाही, व्रताने ठरत नाही. ती जमाखर्चाने ठरते. ज्या कवीच्या चरित्रातच दफ्तर हे साधनेचे पहिले स्थान आहे, त्याच्या कल्पनेतला देव सिंहासनापेक्षा कचेरीत अधिक दिसावा हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

दैवी सत्तेची कल्पना सरकारी यंत्रणेच्या रूपात करणे ही केवळ मराठीची मिरास नाही. एकनाथांच्या हयातीतच, १५९२ मध्ये, चीनमध्ये ‘पश्चिमेची यात्रा’ ही अद्भुत कादंबरी छापली गेली. तिच्या स्वर्गात मंत्री आहेत, हुद्दे आहेत, मृत्यूच्या नोंदवह्या आहेत. नायक वानर त्या वहीतून आपले नाव खोडतो, आणि त्याला गप्प बसविण्यासाठी स्वर्गीय दरबार त्याला घोड्यांच्या पागेवरची नोकरी देतो. शेवटी यात्रेकरू बुद्धाच्या दारी पोहोचतात तेव्हा ग्रंथ देणारे आनंद आणि काश्यप त्यांच्याकडे भेटीची मागणी करतात. भेट मिळत नाही म्हणून कोरे ग्रंथ हाती ठेवले जातात, आणि भिक्षापात्र दिल्यावरच अक्षरे असलेले ग्रंथ मिळतात. विशेष म्हणजे ही मागणी बुद्धाला ठाऊक असते आणि तो तिचे हसत समर्थन करतो. इंग्रजीत जॉन बन्यनने १६८२ मध्ये ‘होली वॉर’ लिहिले. त्यात मनुष्याचा आत्मा हे एक नगर आहे. सैतान ते घेतो, जुन्या नगराधिकाऱ्यांना काढून आपली माणसे बसवितो, आणि राजपुत्राच्या सैन्याला वेढा घालून ते परत जिंकावे लागते. बन्यनचे ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हरी केशवजींनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्ये मराठीत आणले; ‘होली वॉर’ला मराठीत तसा वाचकवर्ग लाभला नाही. त्याची उणीव भासली नसावी, कारण देहनगरीच्या फितुरीचे आख्यान मराठीने आधीच ऐकलेले होते. मात्र दोहोंत भेद मोठा आहे. बन्यनचे नगर तलवारीने सुटते. एकनाथांच्या परगण्यात सैन्य येत नाही. कागद जातो आणि कागद येतो. चिनी कादंबरीत लाच थेट सर्वोच्च आसनाच्या पायरीपर्यंत पोहोचते. एकनाथांचा हुजूर मात्र शेवटपर्यंत निष्कलंक आणि अदृश्य राहतो.

अलीकडच्या काळात मराठीत अनुवादित होऊन आलेल्या ‘हॅरी पॉटर’मधील जादूचे मंत्रालय आठवावे. कांडी फिरवून वस्तू निर्माण करणाऱ्या त्या जगात मंत्री वर्तमानपत्राला हाताशी धरतो, धोक्याची वार्ता दडपतो, आणि शेवटच्या भागात (२००७) मंत्रालय शत्रूच्या हाती जाते तरी टेबलामागचे कारकून तेच फॉर्म भरत राहतात. जादूने सर्व काही होते, प्रामाणिक कारकून तेवढा होत नाही. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

एकनाथांच्या आराखड्यात हुजूर निष्कलंक आहे आणि मधली फळी नासलेली आहे. मग शेतकऱ्याचे, रयतेचे काय? अर्जदास्तीत रयत नाही. ओस पडणारी गावे आहेत, पण त्यांत राहणारा माणूस नाही. ही उणीव दामाजीपंतांच्या आख्यानाने भरून काढली. आख्यान जुने, पण त्याला सर्वत्र पोहोचविणारी मांडणी महिपतींच्या ‘भक्तविजया’तील (१७६२). मंगळवेढ्याचा अंमलदार दामाजी दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्याची पेवे उघडतो आणि भुकेल्यांना वाटतो. त्याच्या जागेवर डोळा असलेला हाताखालचा मुजुमदार बेदरला चुगली लिहितो. दामाजीला धरून नेण्याचा हुकूम निघतो. तो वाटेत असतानाच विठू महार नावाचा एक माणूस बेदरच्या दरबारात येतो, घोंगडीखालची थैली रिती करतो, धान्याची पुरी किंमत मोजून देतो, आणि भरणा झाल्याची पावती घेऊन जातो. ती पावती दामाजीला आपल्या गीतेच्या पोथीत सापडते.

या आख्यानावर भक्तीच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. कारभाराच्या अंगाने पाहिले तर त्यातील चमत्काराचा आकार थक्क करणारा आहे. देवाने बादशहाला स्वप्नात दरडावले नाही, वीज पाडली नाही, दुष्काळही हटविला नाही. त्याने थकबाकी भरली आणि पावती घेतली. पावतीवाचून बेदरच्या दफ्तरात दामाजी दोषीच राहिला असता, हे देवाला ठाऊक होते असे आख्यानकार गृहीत धरतो. चमत्कार येथे कायदा मोडीत नाही. कायद्याच्या रकान्यात बसतो. आणि तो बसविणारा माणूसही कारभारातूनच निवडलेला आहे. सरकारी भरणा कसब्याच्या कचेरीपर्यंत पोहोचविणे हे गावच्या महार वतनदाराचे काम होते. वसुलाची रक्कम ज्याच्या डोक्यावरून जात असे, पण जमाखर्चात ज्याचे नाव क्वचितच येत असे, त्याचेच रूप देवाने घेतले. महारांना बावन्न हक्कांची सनद बेदरच्या बादशहाने दिली, ही परंपरा महार समाजात दीर्घकाळ सांगितली गेली. तीही याच दरबाराशी जोडलेली असावी हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. संपूर्ण यंत्रणेत विश्वास ठेवण्याजोगा एकच माणूस उरला होता आणि तो सर्वांत खालचा होता, एवढी कबुली या आख्यानाने देऊन टाकली आहे.

पण येथेच त्याची मर्यादाही आहे. पेवे भरलेली असताना माणसे उपाशी का मरत होती, हा प्रश्न पावतीने मिटविला. बादशहाचे धान्य बादशहाला पोहोचले. चुगली करणारा मुजुमदार खोटा ठरला, पण धान्य रयतेचे की हुजुराचे याचा निवाडा झाला नाही. किंबहुना तो निवाडा टाळण्यासाठीच चमत्कार घडला. चमत्कार हा हिशेबतपासणीचा पर्याय ठरला. हुजूर पुन्हा निष्कलंकच राहिला, आणि वर उदारही ठरला.

हीच रचना देवळाच्या कारभारातही दिसते. आज हिंगोली जिल्ह्यात असलेल्या औंढा नागनाथची आख्यायिका सर्वश्रुत आहे. याच जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढ्याला त्यांची गाठ विसोबा खेचरांशी पडली असे परंपरा सांगते. नामदेवांचे कीर्तन देवळापुढे चालले असता पुजाऱ्यांनी त्यांना हटविले, ते मागच्या बाजूस जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. नंदी मागे राहिला, त्याची खूण आजही दाखवितात. देव फिरला. दाराचा ताबा मात्र ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच राहिला. फिरलेल्या दाराशीही पुजारी बसलेच असतील, याबद्दल आख्यायिका मौन पाळते. दामाजीच्या कथेतील बादशहाप्रमाणे येथे देव रयतेच्या बाजूचा ठरतो आणि मधल्या फळीची फजिती होते. श्रोत्याला समाधान मिळते, व्यवस्थेला अभय.

या आराखड्याला पहिला जाणीवपूर्वक धक्का जोतीराव फुल्यांनी दिला. ‘गुलामगिरी’ (१८७३) या धोंडिबा-जोतीराव संवादात त्यांनी दिशाच उलटविली. एकनाथांनी विकारांना अधिकारी केले होते, महिपतींच्या आख्यानाने देवाला महार केले होते. फुल्यांनी देवांनाच अधिकारी केले. बळीराजाच्या राज्यात मोठ्या मुलुखाचा वसूल आणि न्याय पाहणारा अंमलदार तो महासुभा, तोच आजचा म्हसोबा. नऊ खंडांवरचे अधिकारी ते खंडोबा. शेतकरी पेरणी-कापणीपूर्वी शेतात शेंदूर लावलेल्या दगडापुढे नैवेद्य ठेवतो, ती त्या जुन्या अंमलदाराची आठवण; कारण पीक पाहून सूट देणे हे त्याचे काम होते. वामनाने हे राज्य कपटाने बुडविले, आणि बळीचे राज्य परत यावे ही दसऱ्याच्या ओवाळणीच्या वेळची बायकांची इच्छा तेवढी मागे राहिली.

व्युत्पत्तिशास्त्र या मांडणीला क्षणभरही टिकू देणार नाही. म्हसोबाचा संबंध म्हशीशी आणि महिषासुराशी जोडला जातो, दा. ध. कोसंबींनी आपल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त (१९६२) त्या दैवताचा माग क्षेत्रकार्याने घेतला आहे. शिवाय ‘सुभा’ हा शब्दच अरबी-फार्सीतून आलेला. आर्यपूर्व बळीच्या राज्यात त्याला प्रवेश नाही. पंडितांनी याच ठिकाणी फुल्यांना हसून बाजूला सारले. परंतु साहित्याच्या इतिहासकाराला हा कालविपर्यास मोलाचा आहे. सतराव्या शतकात ‘राजव्यवहारकोशा’ने कारभाराची भाषा संस्कृत करण्याचा प्रयत्न करून पाहिला, शेतकऱ्याच्या जिभेवरचा सुभा, तहसील, दस्त, बाकी त्याने हटला नाही. दैवी, आदर्श, हरवलेले राज्य मनात उभे करायचे म्हटले तर फुल्यांना महसुलाचीच भाषा सापडली, जशी ती तीनशे वर्षांपूर्वी एकनाथांना सापडली होती. शेतकऱ्याने चांगल्या राज्याची कल्पना केली तर त्यात सोन्याचे नगर नसते. सूट देणारा महासुभा असतो. देवांना हुद्दे देताना फुल्यांनी त्यांचे देवत्व काढून घेतले खरे, पण त्या हुद्द्याला एक कर्तव्य जोडले. म्हसोबाला कोंबडे देऊन गप्प बसण्याऐवजी त्याच्या जागी बसलेल्या मामलेदाराला ‘तू सूट का देत नाहीस’ असे विचारण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

तरीही ‘गुलामगिरी’ जुन्या आराखड्यातून पूर्णपणे सुटलेली नाही. ग्रंथाच्या उत्तर भागात फुले बळीराज्यातून थेट समकालीन खात्यांत उतरतात. शिक्षणखाते, मुलकी कचेऱ्या, न्यायालये यांत ब्राह्मण कारकून शेतकऱ्याला कसा नागवितो याचे वर्णन ते करतात, आणि दयाळू सरकारने डोळे उघडून पाहावे अशी अपेक्षा धरतात. राणी दूर आहे, भली आहे, तिला खरे काय ते कळत नाही. मध्ये भटकारकुनांची भिंत आहे. वतनदारांची नावे बदलली, हुजूर विलायतेत गेला, अर्जदास्त तीच राहिली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढचे त्यांचे निवेदन हे याच परंपरेतील सर्वांत तर्कशुद्ध कागदपत्र आहे. आणि १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॉनॉटच्या सत्कारप्रसंगी ते शेतकऱ्याच्या वेषात गेले, तो जणू अंगावर घालून नेलेला अर्ज होता.

मात्र ‘शेतकऱ्याचा असूड’पर्यंत (१८८३) येताना त्यांची दृष्टी वर सरकलेली आहे. तेथे कारकून आहेच, पण ऐषआरामात गुंग होऊन त्याच्यावर विसंबणारा गोरा अंमलदारही आहे. पाण्यासाठी, शाळांसाठी म्हणून पट्ट्या वाढवून त्या अन्यत्र खर्च करणारे सरकारही आहे. कर हा मधल्या माणसाची लबाडी नसून धोरण आहे, ही जाणीव मराठी गद्यात येथे स्पष्टपणे अवतरते. एकनाथांच्या हुजुराला प्रथमच हिशेब मागितला गेला. दुर्दैव असे की ‘असूडा’चा हा भाग त्याच्या जातिविचारापेक्षा कमी वाचला गेला.

स्वातंत्र्योत्तर लोकनाट्याने मग हा हुजूर रंगमंचावरच आणला. वगातील राजा पूर्वीही भोळा असे, पण वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये (१९६५) राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार ही सारी उतरंड एका छपरी पलंगाच्या चोरीभोवती फिरताना दिसली. कोतवालपदाची हाव आणि तिच्यासाठीची कारस्थाने पाहताना प्रेक्षकाला मंत्रालय आठवत असे. दादा कोंडक्यांचा हवालदार त्याला आठवण करून देण्यात कसूर करीत नसे. परंतु हशा हा जाबजबाब नव्हे. प्रेक्षक राजाला हसला, त्याला काही मागितले नाही. राजकुमार तांगडे यांच्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’मध्ये (२०१२) यमच पृथ्वीवर उतरतो. जालना जिल्ह्यातील शेतकरी-कलावंतांनी उभ्या केलेल्या या नाटकात तो प्रश्न घेऊन गावागावांत भटकतो. यमाजीपंताची तलब येथे माणसाला नव्हे, समाजाला आलेली आहे. ही उलथापालथ एकनाथांच्याच मुलुखात व्हावी याची नोंद घ्यायला हवी.

या मुलुखाला अर्जाची सवय दीर्घ आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. हुजूर हैदराबादला, अर्ज उर्दूत, लिहिणारा अर्जनवीस वेगळा, ज्याच्या नावाने लिहिला त्याला तो वाचता येत नसे. आपल्या दुःखाचा कागद दुसऱ्याच्या भाषेत, ठरलेल्या मायन्यात, पैसे देऊन लिहवून घ्यायचा आणि मग तो कोठे गेला याची वाट पाहायची, हा अनुभव येथे कित्येक पिढ्यांचा आहे. १९४८ नंतर भाषा मराठी झाली, १९५६ मध्ये राजधानी मुंबई झाली, १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कचेरी जवळ आली. मायना मात्र ‘मा. साहेबांच्या सेवेशी’ असाच राहिला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव येथील काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांच्या नावे असाच एक कागद दिला. पीक हाती आले नाही, कर्ज फेडता येत नाही. तेव्हा शासनाने आमचे अवयव विकत घ्यावेत आणि कर्ज वळते करून घ्यावे, अशी त्यातील मागणी. मूत्रपिंड, यकृत, डोळे यांचे दर त्यांनी ठरवून दिले होते. हा कागद घेऊन ते मुंबईपर्यंत गेले. वर्तमानपत्रांनी ‘अनोखे आंदोलन’ या सदराखाली त्याची वार्ता दिली.

या कागदाला अनोखा म्हणणे हे परंपरेचे अज्ञान होय. देह हाच परगणा आहे, डोळे ही त्यातील वस्ती आहे, आणि थकबाकीचा जाब हुजुराला द्यायचा आहे, ही कल्पना पैठणच्या कवीने याच मराठीत लिहून ठेवलेली होती. गोरेगावकरांनी ती वाचून हा मजकूर रचला असे कोणी म्हणणार नाही, गरजही नाही. साचे पुस्तकांतून जितके जगतात त्याहून अधिक कचेरीच्या ओसरीवर जगतात. फरक पाहावा तो मजकुरात. अर्जदास्तीत शेकदार आपली बाकी लपविण्यासाठी दंभाजीला पुढे करतो. गोरेगावच्या मागणीचा रोख मधल्या फळीवर नाही. तलाठ्याने, बँकेच्या साहेबाने किंवा दलालाने नागविले आणि वरचे सरकार भोळे आहे, असा तिचा बचाव नाही. बाकी कबूल आहे. फेडीचा मार्गही सुचविलेला आहे. शेकदाराने देहातील गावे ओस पडल्याची तक्रार केली होती. येथे ती गावे किंमत लावून हुजुराच्याच पुढ्यात ठेवली आहेत. विठू महाराची थैली, फिरणारे देऊळ, सूट देणारा महासुभा यांपैकी कशाचीही वाट न पाहता हुजुराला थेट खरेदीदार केले आहे, आणि खरेदीदाराला दर मान्य आहे की नाही हे सांगावे लागते. मधल्या माणसाचा आडोसा त्याला उरत नाही.

एकनाथांच्या कागदांत अर्जदास्तीच्या जोडीला अभयपत्रही आहे. ते लिहिणारा हात मात्र त्याच कवीचा होता.